मॅक्रोच्या पोटातलं

आम्ही वीटभट्टीवर राहायचो. आईबापाचे हात ओल्या मातीने फुटलेले असायचे. साचा वाकडा असला की वीट वाकडी निघायची, आणि ती चारचौघांना दिसायची.

परवा ऑफिसात एकाच गिऱ्हाइकाला एकच मेसेज दोनदा गेला. बोल मला लागला, कारण मेसेज पाठवणाऱ्या कोडमधली शेवटची ओळ माझी होती. ती ओळ मी बघत बसले. तिच्यात आमच्या टीमचा मुख्य, सुहास, याचा मॅक्रो होता. मॅक्रो म्हणजे कोड लिहिणारा कोड. त्याने आत काय लिहिलंय ते फाइलमध्ये दिसतच नाही.

"अगं, मॅक्रो सगळ्यांना झेपत नाही," सुहास हसला.

"झेपत नाही, की तुला दाखवायचा नाही?"

या झाकलेल्या हुशारीची मला चीड आहे. साधं लिहिलं तर कुणीही तपासेल, हीच यांची भीती. झाकायला आधी भिंती लागतात. आमच्या घराला त्या धड नव्हत्या.

मी सगळ्यांसमोर मॅक्रो उलगडून स्क्रीनवर आणला. मी एकदाच लिहिलेलं मेसेज पाठवण्याचं काम त्याने आत दोन ठिकाणी उतरवलं होतं.

तो मॅक्रो आता काढलाय. त्या जागी मी लिहिलेलं साधं, कुणालाही उघडून वाचता येणारं फंक्शन चालतं.