मंगळीनं जाळ आगोदर ठेवला

हे मी कोणाला बोलले नाय. घरधनी गेला, त्यालाबी नाय. तू बसलीस म्हणून बोलते — तू ऐक नुसतं.

पोशेऱ्याच्या बाजूला आमचा पाडा. शाळेत मी भात रांधायची. दोन यत्ता झालेल्या, शाळेतली मराठी येई, म्हणून गुरुजी मलाच हाक मारीत — पोर काय बोलते ते सांग. मोठा मान वाटे मला त्याचा.

खोडाळ्याला एकाच दुकानात फोन होता, तवाची गोष्ट. शहरातून एक बाई आल्या, पोरांची हुशारी तपासायला. एक पोर जव्हारच्या वसतिगृहात न्यायची, पुढं शिकवायची. एकच. शेवटाला उरल्या दोघी — माझी लता, नि शेजारची मंगळी. मंगळीचे आईबाप दिवाळी झाली का वीटभट्टीवर. पोर आजीजवळ. आजीच्या मागं शेतात.

चार चित्रं मांडली. पाऊस, पेरणी, कापणी, नि जाळ. आगोदर काय, मंग काय, ते लावायचं. लता माझ्याजवळ शाळेच्या चुलीपाशी वाढलेली — तिनं जाळ शेवटी ठेवला. पीक आलं, मंग चूल. बाईंनी मान डोलावली.

मंगळीनं जाळ पहिला ठेवला.

असं का गं, बाई बोलल्या. पोर आमच्या बोलीत बोलली — आगोदर राब भाजाचा, मंग बी टाकाचा.

चूक काय होतं त्यात? पालापाचोळा, फांद्या जमिनीवर जाळायच्या, त्या राखेत नागलीचं बी टाकायचं. आमच्यात शेंबडं पोर जाणतं. बाईंना कुठून ठाव? त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

एकच गोष्ट सांगायची होती. त्याच चैतात मी माझ्या हातानं राब भाजला होता, मनगटावर डाग होता अजून — नि मी काय बोलले?

"काय नाय बाई, उगाच बडबडते. पोर जरा मंद हाय."

मंद. तो शब्द गुरुजींच्या तोंडचा. आमच्या बोलीत नाय तो.

मंगळीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. शाळेची मराठी तिला बोलता येत नव्हती. समजत होती — ते मला तवा कळलं.

मी भ्याले होते का? नाय. घाबरून नाय केलं. लताला पाठवायची होती, म्हणून केलं. समजून.

लता जव्हारला गेली. आज नोकरीला हाय. मंगळी दिवाळीनंतर भट्टीवर गेली, शाळेत परत आली नाय.

आता ती पाड्यातच हाय. तिचा राब सगळ्यांच्या आगोदर भाजून होतो, रोपं हिरवीगार. माझ्यानं आता राब होत नाय. लावणीला ती रोपांच्या मुठी माझ्या बांधावर आणून ठेवते. सगळ्या पाड्याशी आमच्या बोलीत बोलते, हसते. माझ्याशी तेवढं शाळेच्या मराठीत.

"घ्या मावशी, रोपं."

मी घेते.