करंगळीवरची झोळी

मामाजी, म्हणजे माझे सासरे, भरलेली झोळी करंगळीला अडकवून अंगणात तीन फेऱ्या मारत. करंगळी लाल झाली की झोळी माझ्यापुढे ठेवत. "काहून सूनबाई, हत्ती भरून राहिली का आत? काढ काहीतरी."

ही शिकार बंद होण्याआधीची गोष्ट. तेव्हा जबलपूरला शिकारीच्या कंपन्या होत्या. बाहेरचे पैसेवाले पाहुणे सांबर, रानगवे मारायला येत. मामाजी बंदुकीला हात लावत नसत. त्यांचं काम गोळी लागल्यानंतरचं. जनावर पडलं की तिथंच त्याचं पोट उघडायचं, आतडी काढायची, मांस थंड होऊ द्यायचं आणि कातडं न फाडता उतरवायचं. पाहुणे मेलेल्या सांबरावर पाय ठेवून फोटो काढत. मामाजी म्हणत, "फोटो झाला की साहेबाला वास येतो. मग मला हाक मारतात."

झोळी भरायचं काम माझं होतं. कातड्यासाठी आखूड वाकडी सुरी, पोटासाठी सरळ सुरी, हाडांसाठी वीतभर करवत, धार लावायचा दगड, सुतळी, मांसावर माशा बसू नयेत म्हणून मलमल, साबण आणि जखमेला बांधायच्या पट्टीची गुंडाळी. मीठ जड, ते जीपमध्येच राहायचं. जीप जंगलात जाईल तिथवर जाई, पुढे कोस दोन कोस चालणं. म्हणून मामाजी वजनाला इतके जपत. साबण कापून अर्धाच घेत. दगडही फोडून अर्धा केला होता. नियम एकच, दोन खेपांत जिला हात लागला नाही ती वस्तू बाहेर.

परत आले की सासूबाई त्यांना अंगणातच आंघोळ घालायच्या. थंडीत कुडकुडत ते मला हाक मारत, "सूनबाई, हिला सांग, मी मेलेलं जनावर नाही, जिवंत माणूस आहे." सासूबाई आणखी एक बादली ओतायच्या. या घरात मला सगळ्यात जास्त आवडायचे ते मामाजीच. नवऱ्यापेक्षाही, हे आता लिहायला हरकत नाही.

एका हिवाळ्यात माझ्या नवऱ्यानं कारखान्यातून रजा काढली आणि बापाबरोबर बरगीच्या जंगलाकडे निघाला. त्याला ते काम शिकायचं होतं. झोळी भरताना मी हिशेब केला, दोन खेपा पट्टीला कुणी हात लावला नाही. मी ती काढून फडताळात ठेवली. मामाजींनी फेऱ्या मारल्या, करंगळी पाहिली. "शाबास. आज जमलं तुला." काय काढलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सांबराचं पोट उघडताना नवऱ्याची सुरी निसटली आणि मांडीत आतल्या बाजूला घुसली. मामाजींनी झोळी पालथी केली, पट्टी सापडली नाही. मलमल पुरेना, मग धोतर फाडून बांधलं, वर सुतळी आवळली. जीपपर्यंत पाठीवर आणलं, तोवर तो गेला होता. पट्टी असती तरी वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मामाजींना पटलं नाही. मलाही नाही.

तेराव्याला सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "पट्टी काहून नव्हती?" मामाजी म्हणाले, "मी काढायला लावली. तिला काही विचारू नका."

सासूबाई त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन, अकरा वर्षं. मी बोलले असते तर संपलं असतं. मी बोलले नाही. बावीस वर्षांची विधवा, मूल नाही, माहेरी कुणी नाही. मी गप्प राहून जेवत राहिले.

मामाजी जंगलात पुन्हा गेले नाहीत. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, बसू लागले. मला कारखान्याच्या कँटीनमध्ये लावलं, सकाळी फाटकापर्यंत सोडायला यायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही चकार शब्द काढला नाही. त्यांनी मला माफ केलं म्हणून झाकलं, असं मी धरून चालले. त्या एका गोष्टीवर मी छत्तीस वर्षं काढली.

शेवटी त्यांचं डोकं फिरलं. मला ओळखेनात. दवाखान्यातली नर्स समजून दीदी म्हणायचे. एका दुपारी मी दलिया भरवत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"दीदी, एक सांगू? कुणाजवळ बोलू नको. पट्टी सुनेनं काढली. मी नव्हतं सांगितलं."

"मग खोटं काहून बोललात?"

"आमच्या हिनं तिला हाकललं असतं ना. कुठं गेली असती ती?"

मी चमचा वाटीत ठेवला. विचारू नये ते विचारलं. "मग मनातून माफ केलं का तिला?"

त्यांनी माझं मनगट सोडलं. "नाही जी," म्हणाले. "एकच पोरगा होता माझा."

मी त्यांचं तोंड पुसलं आणि राहिलेला दलिया भरवला. ते पुढं दोन महिने जगले. शेवटपर्यंत मला दीदीच म्हणत होते, आणि मी ओ देत होते.