भिंगोजीचे दोन कॅमेरे

कारखान्यात त्याला सगळे भिंगोजी म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडायचं. भिंती, खांब, टाक्या यांचे दर महिन्याला फोटो काढायचे आणि कुठे भेग वाढतेय का ते बघायचं, हे त्याचं काम. ते फोटो तारीखवार लावून ठेवायचं माझं. पंधरा वर्षं आमची टेबलं समोरासमोर आहेत. त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी समजते.

कोणी घरच्या समारंभाला कॅमेरा घेऊन बोलावलं, की हा अंग चोरायचा. म्हणायचा, "माणसं हलतात गं. भिंती हलत नाहीत. आणि हलल्या, तर आधी मला कळलं पाहिजे."

कामाची पद्धत त्याची स्वतःची होती. प्रत्येक भिंतीसमोर जमिनीवर रंगाच्या तीन खुणा. तिपाईचे पाय त्यांवर, लेन्स तीच, उंची तीच. मग नवा फोटो जुन्यावर ठेवला, की केसभर फरकही दिसायचा. फोटोत मोजपट्टी धर, असं मी एकदा सांगून पाहिलं. "खुणा आहेत ना, पट्टी कशाला?" म्हणाला, उंटावरचा शहाणा!

जुना कॅमेरा बारा वर्षांचा. मुठीचं रबर सुटलेलं, त्यावर काळी चिकटपट्टी. मागचा पडदा इतका अंधुक, की फोटो आला की नाही हे आवाजावरून ओळखायचं. नव्यासाठी भिंगोजी वर्षभर सगळ्यांच्या मागे लागला होता. नवा आला, तेव्हा पोरगं झाल्यासारखा खोल्याखोल्यांतून दाखवत फिरला. अंधारातसुद्धा नितळ फोटो, जुनी लेन्स तशीच चालते, खटका जेमतेम ऐकू येतो. नव्याचे नऊ दिवस, असं मी म्हटलं, ते त्याला झोंबलं.

म्हणून त्या दुपारी अडीच वाजता तो दोन्ही कॅमेरे घेऊन माझ्या टेबलाशी आला. माझ्या कपाटासमोर तिपाई लावली, एकाच जागेवरून, एकाच लेन्सने दोघांचा एकेक फोटो काढला आणि माझ्या संगणकावर शेजारी शेजारी ठेवला.

"आता बोल!"

नव्याचा फोटो सरस होता, नाही म्हणून चालणार नव्हतं. पण हार मानणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "जुन्यात माझं कुलूप एवढं ठळक आणि नव्यात एवढुसं कसं?"

तो हसला. "अगं, जुन्यातला चित्र टिपणारा सेन्सर लहान, तो मधलाच तुकडा उचलतो. नव्याचा मोठा, तो जास्त जागा घेतो. म्हणून प्रत्येक वस्तू दीडपट बारीक..."

वाक्य तिथेच थांबलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मलाही कळायला वेळ लागला नाही. पाण्याच्या मोठ्या टाकीची भिंत. नुसतं कोरं काँक्रीट आणि दोन पुरुष उंचीवरून वर गेलेली भेग, फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आकार ताडायला दुसरी वस्तू नाही. गेल्या आठवड्यात नव्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत ती थोडी बारीकच दिसली होती. भेग थांबली, असं याने लिहून दिलं होतं. त्या भरवशावर इंजिनियरबाई तीन वाजता टाकी काठोकाठ भरायला सांगणार होत्या. टाकीच्या भिंतीला लागून खोकी भरायची खोली, चाळीस बायका. त्यांत भिंगोजीची धाकटी बहीण.

"बाईंना फोन लाव," मी म्हटलं.

तो हलेना. गेल्या वर्षी तारेच्या सावलीला भेग समजून याने दोन दिवस काम बंद पाडलं होतं. तेव्हापासून हा जेवणाच्या खोलीत शिरला, की कोणीतरी 'लांडगा आला रे' म्हणायचंच.

"आधी जुन्याने एक फोटो काढतो. परत खोटा ठरलो तर..."

"तुझी अब्रू गेली खड्ड्यात! खाली माणसं आहेत!" मी ओरडले. मला त्याचा इतका राग आला होता, की हात उगारायचा बाकी होता.

पण तो जुना कॅमेरा आणि तिपाई घेऊन जिना उतरत होता. मी मागे धावले. त्याने खुणांवर तिपाई ठेवली. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता आणि नव्याची बॅटरी जुन्यात बसत नव्हती. खटका वाजला आणि कॅमेरा बंद पडला.

वर येऊन त्याने तो फोटो जुन्याच कॅमेऱ्याने गेल्या महिन्यात काढलेल्या फोटोवर ठेवला. भेग सव्वापट रुंद झाली होती. घड्याळात तीनला चार मिनिटं कमी होती.

तो इंजिनियरबाईंच्या खोलीत दार न वाजवता शिरला. "मॅडम, पाणी सोडू नका. चूक माझी आहे. कॅमेरा बदलला आणि खुणा जुन्याच ठेवल्या." बाईंनी फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. आधी पाणी थांबवलं, मग खोली रिकामी करवली.

अंगणात बायका घोळक्याने उभ्या होत्या. भिंगोजी थेट बहिणीकडे गेला, घडलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, ती आता त्याच्या गळ्यात पडून रडेल.

ती शांतपणे म्हणाली, "दादा, त्या भिंतीशी बसायची मला भीती वाटत होती. सोमवारी मी जागा बदलून मागितली. मिळाली पण. मग तू फोटो दाखवलास आणि म्हणालास, 'भेग थांबली, काळजी करू नकोस.' म्हणून मी ती जागा दुसरीला देऊन परत तिथेच बसले."

ती मैत्रिणीचा हात धरून फाटकाबाहेर निघून गेली.