अंबाडी आणि एक फोन

कोणताही कागद हातात आला की काका तो आधी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे. मग अंगठ्यानं त्याचा कोपरा चोळायचे, उलटा करून मागची बाजू बघायचे आणि चष्म्यावरून समोरच्याकडे बघत म्हणायचे, "यात काहीतरी गोम आहे." तो कागद डॉक्टरांची चिठ्ठी असो, विजेचं बिल असो की कुणाच्या मुंजीचं आमंत्रण. माझ्या मुलाच्या वाढदिवसाचं कार्डही त्यांनी उजेडात धरलं होतं, आणि पार्टी शनिवारी असताना कार्डावर रविवार लिहिलाय हे शोधून काढलं होतं.

आमच्या हॉस्पिटलात ते फार्मासिस्ट होते आणि मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये. ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेतल्या एका उपनगरातली ही गोष्ट. राज्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात, आणि काकांच्या सहवासात मलाही त्यांच्यासारखी संशय घ्यायची थोडी सवय लागली आहे. ते मूळचे यवतमाळकडचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठे, पण माझी मुलं काका म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले.

त्यांच्या धंद्यात संशय कामाचा होता, हे मान्य करायला हवं. एकदा टाय लावलेला एक गृहस्थ वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आला. सही बरोबर, शिक्का बरोबर. काकांनी चिठ्ठी उजेडात धरली आणि फोन उचलला. गृहस्थ पळाला. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, "वर 'प्लीज' लिहिलं होतं ताई. हा डॉक्टर आजवर कोणाला प्लीज म्हणाला नाही."

पण संशय काही फार्मसीचं दार बंद केलं की आत राहत नाही. त्यांच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ एकटे राहायचे. रोज सकाळी गवताला पाणी घालताना ते काकांना हात करायचे. आम्ही एकाच गाडीनं कामावर जायचो; काका गाडीत बसता बसता मला म्हणायचे, "रोज हात काऊन हलवून राहिला हा? आपल्याला काय देणंघेणं?" मी म्हणायचे, "काका, इथे पद्धत आहे तशी." त्यावर ते मान हलवायचे, पण पटलेलं नसायचं.

असा हा माणूस, आणि त्यानं स्वतः यवतमाळहून अंबाडीचं बी सुपारीच्या डबीत लपवून विमानतळावरून आणलं होतं! त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "ते वेगळं." मागच्या अंगणात, कुंपणाच्या कडेनं, त्यांनी अंबाडीचा वाफा केला होता. उन्हाळ्यात रोपं माणसाच्या उंचीची व्हायची. काकू त्यात तांदळाच्या कण्या घालून भाजी करायच्या आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. आम्ही सगळी मराठी घरं त्या भाजीवर तुटून पडायचो. पुण्याचे लोकसुद्धा, जे आधी नाक मुरडत, ते डबे घेऊन यायचे.

आता ज्यांनी अंबाडीचं पान पाहिलं असेल त्यांना पुढची गोष्ट सांगायची गरज नाही. हाताच्या बोटांसारखं फाकलेलं, कडेनं दातेरी. गांजाचं पानही अगदी तसंच असतं. अंबाडीला पिवळं फूल आलं की फरक कळतो, पण आमच्याकडे फूल यायच्या आत थंडी यायची. आम्हाला हे साम्य ठाऊकच नव्हतं. आमच्यापैकी कुणी गांजाचं झाड पाहिलं होतं?

त्या वर्षी काकांना नागरिकत्व मिळालं आणि पहिल्यांदा मत द्यायचं होतं. राज्याच्या ॲटर्नी जनरलची निवडणूक होती. म्हणजे राज्याचा सर्वात मोठा सरकारी वकील. तो इथे मतांनी निवडून येतो, ही गोष्टच काकांना मुळात संशयास्पद वाटायची. दोन उमेदवार होते. एक म्हणायचा, मारिजुआना जवळ सापडला तर थेट तुरुंग. दुसरा म्हणायचा, थोडासा सापडला तर दंड करा आणि पोलिसांना खऱ्या चोरांमागे लावा. काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. "ताई, हा दुसरा गांजावाल्यांची बाजू काऊन घेऊन राहिला? यात गोम आहे." आणि त्यांनी पहिल्याच्या नावाची पाटी घरापुढच्या हिरवळीवर रोवली. पुढे पाटी, मागे अंबाडी.

सप्टेंबरात त्या कडक उमेदवाराच्या लोकांनी घरोघर एक पत्रक वाटलं. त्यावर पानाचं मोठं चित्र, खाली 'ओळखा आणि कळवा' आणि पोलिसांचा फोन नंबर. तेच पत्रक घेऊन एक अधिकारी शाळेतल्या मुलांशीही बोलून गेला. काकांनी ते उजेडात धरून बघितलं की नाही मला माहीत नाही. बघितलं असतं, तर जन्मात पहिल्यांदा त्यांना त्यात काही सापडलं नाही म्हणायचं.

एका शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला, "लवकर ये गं, पोलीस आलेत." मी धावत गेले तर काका पायजम्यात, हातात पानांची रोळी घेऊन उभे होते. दोन पोलीस रोपं उपटून मोठमोठ्या पिशव्यांत भरत होते. काकूंना वाटलं, चव दाखवली की प्रश्न मिटेल. त्यांनी आतून गरम भाजीची स्टीलची वाटी आणली आणि म्हणाल्या, "यू टेस्ट. व्हेरी गुड फॉर स्टमक." पोलिसानं वाटी घेतली, वास घेतला आणि चमच्यासकट पुराव्याच्या पिशवीत टाकली.

काकांची दहा वर्षांची मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून होती. "दे वोन्ट टेक बाबा, राइट?" तिनं मला विचारलं. "नाही नेणार," मी म्हणाले. त्याच वेळी पुढच्या बाजूला एक गाडी थांबली, कडक उमेदवाराची दोन पोरं उतरली, हिरवळीवरची त्याची पाटी उपटली आणि गेली.

काकांना अटक झाली नाही. पण पानं तपासायला राज्याच्या प्रयोगशाळेत गेली, आणि रिपोर्ट येईपर्यंत हॉस्पिटलनं त्यांना घरी बसायला सांगितलं. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. गांजाचा गुन्हा लागला की फार्मासिस्टचं लायसन्स जातं, आणि ते मिळेपर्यंत या माणसानं गोदामात खोकी उचलत रात्री परीक्षेचा अभ्यास केला होता. ते गेलं असतं तर काका पुन्हा औषधाच्या बाटलीला हात लावू शकले नसते.

इतकी वर्षं काका सगळ्यांवर संशय घ्यायचे, आता सगळे काकांवर घेऊ लागले. हॉस्पिटलात त्यांच्या कपाटातल्या गोळ्या पुन्हा मोजल्या. स्थानिक पेपरात बातमी आली, आणि कडक उमेदवार एका सभेत म्हणाला की गांजा आता औषधवाल्यांच्या अंगणात पोचला आहे. त्याचं मी एक वेळ समजू शकते. पण आमचे लोक! ज्यांनी वर्षानुवर्षं डबे भरभरून भाजी नेली, ते मराठी मंडळाच्या बैठकीत म्हणू लागले, "तरीच त्यांच्याकडे जेवलं की अशी झोप यायची." मला इतका संताप आला की मी म्हणाले, "झोप तुम्हाला मंडळाच्या बैठकीतही येते."

काका मात्र दिवसभर खिडकीशी बसून हिशेब लावायचे. फोन कुणी केला? शेजाऱ्यानं? पोस्टमननं? पुण्याच्या कुणी? "तो हात हलवणारा," ते म्हणायचे. "मी सांगत नव्हतो तुम्हाला?" मलाही ते खरं वाटू लागलं होतं. मी त्या म्हाताऱ्याच्या नमस्काराला उत्तर देणं बंद केलं.

ऑक्टोबरात रिपोर्ट आला. पानांत काही नाही, भाजीतही नाही. लायसन्स वाचलं. सोमवारी काका कामावर हजर झाले, आणि दुपारी माझ्या लॅबमध्ये येऊन उभे राहिले. हातात कागद नव्हता, तरी चेहरा एखादी वाईट चिठ्ठी वाचल्यासारखा. मी म्हटलं, "आता कसली गोम?"

"काल तो पोलीस वाटी परत द्यायला आला होता," ते म्हणाले. "चांगला माणूस आहे. सॉरी म्हणाला. म्हणाला, फोनवर लहान मुलीचा आवाज होता. पत्ता नीट स्पेलिंग करून सांगितला. म्हणाली, माझ्या बाबांना वाटतं ती भाजी आहे, प्लीज त्यांना रागावू नका."

मी हातातली रक्ताची नळी स्टँडमध्ये ठेवली.

"मला वाचवायला फोन केला तिनं," काका म्हणाले. "शाळेत सांगितलं ना, की कळवलं तर मदत होते. दीड महिना ते लेकरू धड जेवलं नाही ताई, आणि मी खिडकीत बसून पोस्टमनला शिव्या देऊन राहिलो." त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. "तिला कळू द्यायचं नाही, की मला कळलं. कोणालाच नाही. तुम्हाला शपथ आहे."

पण आता सगळ्यांनाच फोन करणारा हवा होता. दुसऱ्या उमेदवाराचा माणूस घरी येऊन गेला. निरपराध औषधवाला म्हणून काकांनी त्यांच्या सभेत उभं राहावं, खोटी खबर देणाऱ्याचं नाव आपण पोलिसांकडून काढू, असं म्हणाला. पेपरवाली बाई तेच विचारत होती. आणि रिपोर्ट आल्याबरोबर आमच्या मंडळाच्या लोकांना काकांचा एकदम पुळका आला. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर सगळ्यांनी मिळून त्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन जाब विचारायचा असं ठरलं. म्हाताऱ्यानं नाही म्हटलं असतं, मग पोलिसांना विचारलं गेलं असतं, आणि नाव बाहेर आलं असतं.

दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. काकूंनी मुलीला माझ्या शेजारी बसवलं होतं. तिच्या पुढ्यातल्या फराळाला तिनं बोट लावलं नव्हतं. अध्यक्षांनी शेजाऱ्याचा विषय काढला आणि काका उठले. कधी चार माणसांत न बोलणारा माणूस सरळ माइकपाशी गेला.

"कोणाकडे जायची गरज नाही," ते म्हणाले. "फोन मीच केला होता."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले.

"पत्रक आलं. मी पान उजेडात धरलं. म्हटलं, यवतमाळच्या बियाणेवाल्यानं फसवलं तर नाही? तपासून घेतलेलं बरं. म्हणून पोलिसांना कळवलं. पुढे लाज वाटली म्हणून बोललो नाही."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग हॉलच कोसळला. लोक डोळे पुसत हसत होते. आणि एकाही माणसाला शंका आली नाही, हे लक्षात घ्या. कारण काका असं करूच शकले असते. दुसरा कुणी हे बोलला असता तर आम्ही विश्वास ठेवला नसता.

माझ्या शेजारून बारीक आवाज आला, "मावशी, बाबा ऑल्सो कॉल्ड?"

"हो," मी म्हणाले.

तिनं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग चकली उचलली.

पेपरात चार ओळी आल्या. कडक उमेदवाराच्या लोकांना त्या इतक्या आवडल्या की जागरूक नागरिक म्हणून त्यांनी काकांना आधीपेक्षा मोठी पाटी आणून दिली. काकांनी ती गॅरेजमध्ये गाडीखाली तेल गळायचं तिथे अंथरली. मतदानाला मीच त्यांना घेऊन गेले होते. आत खूप वेळ लावला. परत येताना मी विचारलं नाही, तेच म्हणाले, "गांजा वाईटच आहे ताई. माझं मत त्यात बदललं नाही. पण लेकराच्या हातात बापाविरुद्ध फोन देणाऱ्याला मी मत नाही दिलं." तो कडक उमेदवार तरीही निवडून आला.

त्यानंतर काकांनी अंबाडी लावली नाही. शेजाऱ्याला मात्र ते हात करू लागले. सुरुवातीला जरा घाबरतच. आणि आमच्यात ते कायमचे स्वतःवरच पोलीस बोलावणारे काका झाले. नवीन कुटुंब गावात आलं की पहिल्या जेवणाला त्यांना हा किस्सा सांगितला जायचा, पुष्कळदा काकांच्या समोरच. काका खाली मान घालून जेवत राहायचे. मला कितीदा वाटलं, ताट आपटून उठावं आणि सगळं सांगून टाकावं. त्यांनी घातलेली शपथ आडवी यायची.

मागल्या हिवाळ्यात काका गेले. दिवसांच्या जेवणाला घर भरलं होतं. मुलगी आता मोठी आहे, तिला स्वतःची मुलगी आहे. जेवणं झाल्यावर कुणीतरी, प्रेमानंच, तो किस्सा काढला. यवतमाळचा बियाणेवाला आला आणि माणसं इतक्या वर्षांनीही हसली.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. "मावशी," ती हळू म्हणाली, "फोन एकच होता ना?"

शपथेला मी जागले. तोंडातून शब्द काढला नाही. पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती उठली.

"थांबा," ती म्हणाली. तिचं मराठी अडखळत येतं, पण त्या दिवशी ती मराठीतच बोलली. "बाबांनी फोन नव्हता केला. मी केला होता."

हसणं थांबलं. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष आता खूप म्हातारे झालेत, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी कानाला हात लावून विचारलं, "अगं, मग तो सगळ्यांसमोर असं का म्हणाला?"

"मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली.