बारा मीटरवालं नको!

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण मी सांगत असताना मधेच कुणी हसलं तर बशी उचलून आत नेईन, आधीच सांगून ठेवते! माझी फजिती झाली, मान्य. पण चूक माझी होती का? ते तुम्हीच ठरवा. मला तर नुसतं आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

मी भूगोलाची बाई, हे तुम्हाला माहीत आहेच. जन्मभर नगरच्या शाळेत पोरांना अक्षांश-रेखांश पाजले आणि आता निवृत्त झाले. माझा धाकटा भाऊ शमुवेल, म्हणजे आमचा शामू, देवळाली प्रवरेला शेती करतो. चहूकडे ऊस, आणि जमीन अशी सपाट की चेंडू ठेवला तर जागचा हलायचा नाही. त्याच्या बायकोनं, मंदानं, यंदा रस्त्याच्या कडेला रोपवाटिका काढली. टोमॅटो, वांगी, मिरची. रोपं झकास आली हो! पण पाणी विहिरीजवळच्या हौदात, आणि हौद शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. बिचारी भर उन्हात डोक्यावर हंडे वाहून रोपांजवळचं निळं पिंप भरायची. एक दिवस पाणी चुकलं तर रोपं माना टाकणार.

हौदापासून पिंपापर्यंत पाइप टाकला की प्रश्न मिटला. पण नवरा-बायकोचं एकमत होईल तर शपथ!

"उतार रोपांकडं हाय. नुसता पाइप टाकायचा, पानी आपसूक जातंय," शामू म्हणाला.

"उतार हौदाकडं हाय. मोटर बसवा गपचिप," मंदा म्हणाली.

"मोटर बसवून लाइट कुठनं आनू? तुझ्या माहेरनं?"

मी तेव्हा त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आलो तरी जेवताना हेच. पाळकसाहेबांनी शांतीवर प्रवचन दिलं होतं, ते वेशीपाशीच राहिलं. शेवटी शामू म्हणाला, "आक्का, तू भूगोलाची बाई. तूच सांग उतार कुनीकडं हाय."

आता कुणी एवढ्या मानानं विचारल्यावर मी काय 'माहीत नाही' म्हणू? मी म्हटलं, "अंदाजपंचे काम मी करत नाही. यंत्र आणते. हातात धरायचं जीपीएस! दोन्हीकडची उंची मोजते आणि सोक्षमोक्ष लावते."

नगरला मोजणीची यंत्रं विकणारं एक दुकान आहे, तिथे गेले. गल्ल्यावर चांगला चाळिशीचा गृहस्थ, पण तोंडात तंबाखूचा मावा. अर्धे शब्द गालात, अर्धे बाहेर! मी वर्गात असते तर कान धरून उभा केला असता.

"बाई, दोन प्रकार हायेत," तो म्हणाला. "एक साधं, एक सेन्सरवालं."

"सेन्सर म्हणजे काय जास्तीचं?"

"एक तर त्यात कंपास हाय."

"कंपास?" मी म्हटलं, "मी काय वर्तुळं काढत बसणार आहे? घरी चार कंपासपेट्या गंजत पडल्यात. पुढं सांगा."

तो जरा बघतच राहिला. मग म्हणाला, "दुसरं म्हंजे त्यात बारामीटर हाय."

"बारा मीटर?"

"हां, बारामीटर. उंची मोजायची आसंल तर बारामीटरवालंच घ्या."

माझ्या कपाळावर आठी. "म्हणजे बारा मीटर इकडेतिकडे होतं?"

त्यानं मावा ह्या गालातून त्या गालात सारला. "इकडंतिकडं व्हतंय थोडं. हवा बदलली का फरक पडतोय. रोज सकाळी सेट करावं लागतं."

ऐका, ऐका! हवा बदलली की उंची बदलते! म्हणजे आभाळ आलं की आमचं शेत वर जाणार आणि ऊन पडलं की खाली बसणार? आणि असलं बारा मीटर चुकणारं यंत्र हा माणूस जास्त किमतीला माझ्या गळ्यात मारतोय! एकटी बाई बघितली की ह्या लोकांना वाटतं, चला, उल्लू बनवू!

"मी शिक्षिका आहे," मी खणखणीत आवाजात म्हटलं. "मला शिकवू नका. बारा मीटरवालं नको. साधं द्या!"

"बाई, पर उंचीसाठी..."

"साधं द्या म्हटलं ना!"

दिलं बापड्यानं. मी विजयी मुद्रेनं देवळालीला आले. हौदापाशी कडुनिंबाखाली उभी राहिले, यंत्र वर धरलं. आकडा आला पाचशे बारा मीटर. तशीच तरातरा चालत रोपवाटिकेत गेले. तिथे आकडा पाचशे!

"शामू जिंकला! उतार रोपांकडे," मी जाहीर केलं. "चांगला बारा मीटर!"

शामूनं टोपी उडवली. मंदा मात्र हौदाकडे टक लावून बघत राहिली.

"आक्का, बारा मीटर म्हंजे चार मजली बिल्डिंग की वो! मला हितनं हौद सरळ दिसतोय. त्याच्यावं बसलेला कावळा बी दिसतोय."

"डोळ्यांवर जाऊ नकोस, मंदा. डोळ्यांना तर पृथ्वीही सपाट दिसते!"

सांगा, ह्याला उत्तर आहे? नाहीच! तरी ती पुटपुटली, "एकदा परत मोजा." मी म्हटलं, "पेपर एकदाच तपासायचा असतो." मग ती फणकाऱ्यानं म्हणाली, "भावाचीच बाजू घ्यायची हुती तर यंत्र कशाला आनलं?" घ्या! मी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवायला झटतेय आणि वर हे ऐकायचं!

चर खणला, काळा पाइप पुरला. पिंपाला तळाशी जोड दिला. उद्घाटनाला शामूनं पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी छोटी प्रार्थना केली, "हे पाणी योग्य जागी पोचो." आमेन झालं. शामू हौदापाशी कॉक उघडायला गेला. मी, मंदा आणि पाळकसाहेब पिंपापाशी. मंदानं सकाळीच हंडे वाहून पिंप काठोकाठ भरलं होतं. म्हणे, यंत्राचा काय भरवसा.

"सोडलं!" तिकडून शामू ओरडला.

काही नाही. मंदानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पाइपात हवा असते. जरा दम धर."

एवढ्यात पाइपात गुडगुड आवाज झाला. "बघ!" मी टाळी वाजवली. "आलं का नाही पाणी?"

मंदा पिंपात वाकली. तशीच वाकून म्हणाली, "आक्का, आलं न्हाई. चाललंय!"

आणि तिकडून शामू, आनंदानं नाचत, "आक्का, पानी आलं! लई जोरात आलं! हौदात आलं!"

अहो, मंदानं डोक्यावर वाहून आणलेलं अख्खं पिंप घळाघळा हौदात परत गेलं! मान मोडून आणलेलं पाणी, आपल्या पायांनी घरी निघालं! पाळकसाहेब खाली बघत हळूच म्हणाले, "योग्य जागी पोचलं म्हणायचं." त्यांना तरी काय बोलणार मी?

मंदानं हंडा उचलला आणि चालू लागली. तेव्हापासून माझ्याशी अबोला. ताट वाढायचं, पण "आक्काला म्हनावं जेवा" हे शामूकडून! शामूनं निमूट डिझेलवरची मोटर मागवली, पण ती यायला वेळ होता, आणि तोवर परत हंडेच.

आता माझा राग कुणावर निघायचा? दुकानदारावर! मी यंत्र पिशवीत घातलं आणि नगरला निघाले. मंदानं शामूला सांगितलं, "आक्काला म्हनावं, मी बी येनार." आली.

दुकानात शिरले ती तोफ डागतच. "काय हो? ते महागातलं बारा मीटर चुकतं म्हणून मी घेतलं नाही. तुमचं हे साधंही मोजून बारा मीटरच चुकलं! मग दोघांत फरक काय? ग्राहक म्हणजे तुम्हाला वाटतो तरी कोण?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो गृहस्थ उठला, बाहेर जाऊन मावा थुंकून आला, चूळ भरली आणि स्वच्छ तोंडानं म्हणाला, "बाई, बारा मीटर न्हाई. बॅ-रो-मी-टर."

"ते काय असतं?"

"हवेचा दाब मोजायचं. दाबावरनं उंची कळती, मंग आकडा जास्त पळत न्हाई. मराठीत त्याला काय म्हनत्यात... थांबा." त्यानं मोबाईल काढला, त्यात बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "वायुभारमापक. आन कंपास म्हंजे होकायंत्र."

वायुभारमापक! अहो, मी जन्मभर फळ्यावर काढलाय तो! 'वायुभारमापकाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हा प्रश्न माझ्या हातानं किती पेपरांत घातलाय! उंच जावं तसा हवेचा दाब कमी होतो, हे न येणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलंय! पण ते सगळं मराठीत हो! हा मेला इंग्रजीत आणि मावा खाऊन बोलणार, तर मला कळणार कसं? सांगा ना, माझी चूक आहे का?

मंदा मागे उभी. तिला तर पक्कं ठाऊक, मी काय शिकवायचे ते.

त्या गृहस्थानं मोबाईल खिशात घातला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, तुमी शिक्षिका म्हनला हुता मागं. विषय कोनता हुता तुमचा?"

"चित्रकला!" मी म्हटलं.

मागून फिस्सकन आवाज आला. मंदा पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिनं माझा दंड धरला, दुकानाबाहेर काढलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली.

"चला, चित्रकलेच्या बाई. पिंप भरायचंय. मोठा हंडा तुमचा."