नळी काढायची राहिली

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा मी या गोष्टीभोवती नुसता फिरत राहतो, भलतंच काही मागतो. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला अडवणार नाही — आणि धीरही देणार नाही.

शैला माझी बायको. आमचं गाव निमगाव सावा. माझी पिकअप आहे, शेतकऱ्यांचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवतो. डायलिसिसच्या दिवशी गाडी उभी करून शैलाला दवाखान्यात नेतो, सुई लागली की तिचा हात धरतो. नवरा असावा तर असा, असं बायका मला ऐकू येईल इतपत म्हणतात. मी ऐकून घेतो. दुसरं काय करणार?

तिला मुतखडा झाला होता. सोनोग्राफीत कळलं की तिची एक किडनी जन्मापासूनच बारकी, नावापुरती. सगळा भार दुसरीवर, आणि खडा नेमका तिच्यातच. दुर्बिणीनं खडा काढला. वाट मोकळी राहावी म्हणून आत एक मऊ नळी ठेवली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं — महिन्याभरानं आणा, नळी काढायचीय, चिरायचं काही नाही, पण राहू देऊ नका. मी मान डोलावली. मला नीट समजलं होतं. अडाणीपणाचं पांघरूण मला घेता येत नाही.

मग का? — सांगायलाही लाज वाटते, इतकं ते फालतू आहे. ऑपरेशननंतर तिच्या लघवीची पिशवी हातात धरून मी तिला वऱ्हांड्यात चालवत होतो. वारूळवाडीचा एक ओळखीचा समोर आला. "काय राव, बायकोचं मूत घिऊन फिराया लागला का?" थट्टाच ती. तो विसरलाही असेल. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखा झालो. पुन्हा त्या वऱ्हांड्यात पाय ठेवायचा नाही, असं तिथंच ठरवलं. नळी काढताना पिशवी लागते का, एवढंसुद्धा विचारलं नाही.

घरी येताना तिनं विचारलं, "परत यावं लागंल का वं?"

"न्हाई. झालं सगळं."

केवढी हसली ती! सुटलो, असं मला वाटलं.

पुढं तिला जळजळ व्हायची, कंबर धरून बसायची. मी म्हणायचो, उन्हाळी लागलीय, सब्जा पी. मला नळी आठवत नव्हती असं नाही — रोज आठवायची. पण आज सांगितलं तर इतके दिवस का नाही, असं ती विचारेल. मग उद्या. मग सुगी झाल्यावर. अशी दोन-तीन वर्षं गेली.

शेवटी ती थंडीतापानं फणफणली. एक्स-रेत नळी पांढरीफटक दिसली, तिच्यावर खड्यांचे थर बसलेले. किडनी सुजून कामातून गेली होती. डॉक्टर तिच्यासमोरच ओरडले, नळी काढायची सांगितली नव्हती का? आणि मी — विचार करायलाही न थांबता — म्हणालो, "हिला सांगितलं होतं मी. ही विसरली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो. आठवायचा प्रयत्न करत. मग म्हणाली, "आसंल. माझंच ध्यान न्हाई."

किडनी मी घालवली. पण ते एक वाक्य? त्यानं तिचा स्वतःवरचा भरवसाच गेला. गॅस बंद केला का, कडी लावली का, दहादा विचारते. लेकीला सांगते, माझ्यावानी येंधळी होऊ नको. किडनी बदलायचं डॉक्टर आता बोलत नाहीत, हृदयही थकलंय तिचं. ती दिवसेंदिवस सुकत चाललीय, आणि तिच्या मरणाचं खापर तिच्याच माथ्यावर आहे.

मागच्या आठवड्यात नव्या सिस्टरनं सहज विचारलं, असं कसं झालं मावशी? शैला म्हणाली, "आता समदं आठवतंय मला. मी भाकरी थापत व्हते. हे दारात हुभं राहिलं, म्हणलं, शैला, नळी काढाया जायाचंय. मीच म्हणलं, बघू नंतर. ह्यांनी लई सांगितलं व्हतं."

असं कधी घडलंच नाही. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं.

मी "हो" म्हणालो.