मधल्या लॉटची गाडी

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये गाडी घ्यायची म्हटलं की शोरूमवाल्याला कोणी काही विचारत नाही. आधी तिचे दिवे कुठे बनतात ते विचारतात, मग सीट कोणाकडून जाते ते, मग पेंटशॉपला कोणाचा मेहुणा आहे ते. इथे घरटी एक माणूस कुठल्या तरी गाडीचा कुठला तरी तुकडा बनवतो आणि त्या तुकड्यावरून अख्ख्या गाडीचं भविष्य सांगतो. पुण्यातले लोक जाहिरात बघून गाडी घेतात, याची आम्हाला मनापासून कीव येते.

मी चाकणला दिवे बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. माझे मिस्टर तेव्हा सीट बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर लातूरकडचे एक भाऊ राहतात, ते बंपरच्या कंपनीत. तळमजल्यावर मावळातले काका, ते लोखंडाच्या प्रेसवर. आम्ही चौघं पार्किंगमध्ये गप्पा मारत उभे राहिलो की अर्धी गाडी तयार होते, असं काका म्हणायचे.

मला ती गाडी पहिल्यांदा दिसली ती चाकणच्या चौकात. आमची कंपनीची बस कांद्याच्या ट्रकमागे अडकली होती आणि शेजारी ती उभी होती. दोन दारांची, दोनच सीटची, आणि इतकी बुटकी की बसच्या खिडकीतून मला तिचं नुसतं छप्पर दिसत होतं. ती म्हणे वाऱ्यासारखी पळते. त्या दिवशी एक सायकलवाला तिला आणि आम्हाला दोघांनाही मागे टाकून गेला. तरी माझं मन तिच्यावर बसलं. आजवर मी मागे मुलगी, मांडीवर डबे आणि डिकीत ज्वारीचं पोतं अशाच गाड्यांतून फिरले होते. या गाडीत एका सीटवर मी आणि दुसऱ्या सीटवर हे, तिसऱ्या माणसाला जागाच नाही, हेच मला आवडलं.

मुलगी लग्न करून हिंजवडीकडे गेली होती. गाडीही काही राजेरजवाड्यांची नव्हती, दोघांच्या कमाईत बसणारी होती. हरकत घ्यायला कोणी उरलं नव्हतं, आणि मिस्टरांनीही हरकत घेतली नाही. ते फक्त म्हणाले, "थांब."

"का?"

"फेसलिफ्ट येतंय. नवे दिवे, नवं तोंड, आतून सगळं नवीन. आतली बातमी आहे."

आता 'थांब' या शब्दाविषयी सांगायला हवं. आमच्या मिस्टरांचा एक सिद्धांत होता, आणि आयुष्यभर कारखान्यात काढल्यामुळे तो खोडून काढणं अवघड होतं. पहिल्या लॉटचा माल कधी घेऊ नये, कारण त्यात चुका असतात. शेवटच्या लॉटचा घेऊ नये, कारण त्यात उरलंसुरलं खपवलेलं असतं. घ्यायचा तो मधल्या लॉटचा. पण मधला लॉट चालू असताना त्यांना नेहमी नवीन मॉडेलची कुणकुण लागायची, आणि मग तोच शेवटचा लॉट वाटायला लागायचा. या हिशेबाने आमच्या घरात फ्रिज आला तो शेजारच्यांनी जुना काढला म्हणून.

हाच सिद्धांत त्यांनी स्वतःच्या गुडघ्यालाही लावला होता. उजवा गुडघा पार झिजला होता. डॉक्टरांनी बदलून घ्या म्हणून सांगितलं, तर हे त्यांना विचारतात, "डॉक्टर, यात नवीन मॉडेल कधी येतंय?" डॉक्टर भला माणूस. म्हणाला, तंत्र सुधारतच असतं, दरवर्षी काही ना काही नवीन येतं. झालं, तेवढ्यावर आमचं ऑपरेशन पुढे गेलं. घरी येताना रिक्षात मला म्हणाले, "आत्ता बसवला आणि पुढच्या वर्षी चांगला आला, तर हा काढून परत करता येतो का?"

मला राग यायचा आणि हसूही यायचं. पण जिना चढताना ते मधेच थांबून कठड्याला धरायचे, तेव्हा मी उगाच पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. ती गाडी जमिनीला टेकल्यासारखी. तिच्यात बसायला गुडघा दुमडावा लागतो. गाडीच्या नव्या तोंडाची वाट बघता बघता माणूसच आत बसण्यातून जाईल, ही माझी खरी धास्ती होती. मला गाडी हवी होती, पण शेजारची सीट रिकामी ठेवून नको होती.

इकडे आतल्या बातम्या जोरात येत होत्या. गाडी कंपन्या सुटे भाग बनवून घेतात, पण ते कुठल्या गाडीचे ते सांगत नाहीत. नुसतं एक टोपणनाव देतात आणि ट्रायलचा माल काळ्या कापडाखाली झाकून ठेवायला लावतात. आम्हा चौघांकडे तेव्हा एकच टोपणनाव आलं होतं, आणि ते आपल्याच गाडीचं असं मिस्टरांनी ठरवून टाकलं. त्यांच्या कंपनीत त्या नावाची एक सीट ट्रायलला आली होती. पाठ टेकायला छान, बाजूंनी उचललेली, आणि गंमत म्हणजे एका गाडीला एकच. ते रविवारी पार्किंगमध्ये हळू आवाजात म्हणाले, "एकच सीट. म्हणजे रेसिंगचं मॉडेल."

मी दचकले. "अहो, मग मी कुठे बसू?"

"दुसरी ऑप्शनला असेल."

माझ्या कंपनीतही नवा मागचा दिवा आला होता. तो आम्ही आधी पाण्यात, मग गाळात बुडवून तपासत होतो. स्पोर्ट्स गाडीला गाळ कशाला, असं मला वाटलं होतं. पण मिस्टर म्हणाले, परदेशात रॅली असतात. लातूरकर भाऊ म्हणाले, "आमच्याकडं तर बंपरच यायला न्हाई, नुसतं मडगार्ड बनायलंय. गोल. लय मोठं." मिस्टर म्हणाले, रुंद टायरचा जमाना आहे.

काका विडी विझवून म्हणाले, "आमी त्याचा मागचा हूक बनवतोय. दणकट हाय. बैलजोडी बांधली तरी तुटायचा न्हाई."

सगळ्यांनी मिस्टरांकडे बघितलं. मग मिस्टर म्हणाले, "परदेशात स्पोर्ट्स गाडीमागे होडी बांधून नेतात."

"व्हय?" काका म्हणाले. त्यांना ते पटलं. मलाही पटलं, हे सांगायला आता लाज वाटते. चार माणसं, चौघांची मिळून शंभरच्या वर वर्षं कारखान्यात गेलेली, आणि आम्ही एक सीट, दोन गोल मडगार्ड, गाळात चालणारे दिवे आणि मागे हूक असलेली गाडी डोळ्यांसमोर आणून ती किती देखणी दिसेल यावर बोलत होतो. तिचा रंग कोणता असावा यावरून तर भाऊ आणि काका आठवडाभर रुसून होते.

मग हिवाळ्यात मोशीला शेतीचं प्रदर्शन भरलं. काकांना गावाकडच्या जमिनीसाठी फवारणीचा पंप बघायचा होता, म्हणून आम्ही सगळेच गेलो. एका मोठ्या मांडवात फुलांच्या माळा घातलेलं, कडक नवीन वाहन उभं होतं. मला आधी दिवा दिसला. आपण तपासलेला दिवा बाईला भाच्यासारखा ओळखू येतो. मिस्टरांनी सीट ओळखली. भाऊंनी मडगार्डवर टकटक केलं. काका मागे गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हूक हितंय की."

ट्रॅक्टर होता. दीड वर्ष आम्ही एका ट्रॅक्टरसाठी थांबलो होतो.

भाऊ हसायला लागले, मग काका, मग मी. मिस्टरही हसले. म्हणाले, "निदान आपली सीट तरी बसून बघू." त्यांनी पायरीवर डावा पाय ठेवला आणि उजवा उचलायला गेले. तो उचललाच गेला नाही. पुन्हा केलं. मडगार्डला धरून ते तसेच उभे राहिले, आणि विकायला उभा असलेला पोरगा म्हणाला, "आजोबा, राहू द्या." ते खाली उतरले आणि माझ्याकडे न बघता पंपांच्या दुकानाकडे चालायला लागले. मला त्या पोराचा इतका संताप आला, आणि पोराचा काही दोष नव्हता.

तिथूनच मी त्यांना शोरूमला नेलं. विक्रेत्याने आम्हाला पाणी दिलं, गाडी दाखवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, थोडं थांबलात तर नवीन..."

"उभी आहे तीच द्या," मी म्हणाले.

मिस्टरांनी विचारलं, "ही कुठल्या लॉटची?"

विक्रेत्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. शहाणा निघाला. म्हणाला, "मधल्या."

गाडी घरी आल्यावर भाऊ, काका आणि स्वतः मिस्टर यांनी मिळून मिस्टरांना आत बसवायची रीतसर पद्धत ठरवली. आधी प्लॅस्टिकचं स्टूल, मग गाडीकडे पाठ, मग हळूच खाली. काका बजावायचे, "आदी बूड, मग पाय. उलटं केलं का घोटाळा." पहिल्या ट्रायलला टोपी अडकली, दुसरीला चप्पल बाहेर राहिली. मग जमलं. उतरायची पद्धत मात्र कोणालाच सापडली नाही. त्याला दोन माणसं आणि बराच वेळ लागतो, म्हणून वाटेत कुठेही उतरायचं नाही असं ठरलं.

त्या रविवारी सकाळी मी जुन्या हायवेने वडगावच्या पुढपर्यंत गाडी नेली. रस्ता मोकळा होता. मी जोरात चालवली. मिस्टर शेजारी सीटची शिवण चाचपत होते. मध्येच म्हणाले, "आमच्यापेक्षा बरी शिवलीय." मला फार बरं वाटलं. इतकं, की डोळे पुसायला वेग कमी करावा लागला.

एका टपरीवर चहाला थांबलो. त्यांना उतरता येणार नव्हतं, म्हणून मी दोन कप घेऊन आले. ते दार उघडून आतच बसले होते. पण गाडी इतकी खाली की उभं राहून बोलायचं तर त्यांना माझं तोंड दिसेना, मला गाडीचं छप्पर तेवढं दिसे. शेवटी मी रस्त्याच्या कडेला, मातीतच मांडी घातली आणि कप त्यांच्या हातात दिला. येणारेजाणारे बघत होते. एवढी भारी गाडी आणि बाई धुळीत.

"उठ, साडी खराब होईल," असं म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "बस बस. तुझे गुडघे चालतायत तोवर बसून घे."

आम्ही चहा प्यायलो. एक उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याकडे दोघांनीही बघायचं टाळलं. मग मी उठायला गेले आणि मला पटकन उठता आलं नाही. मी गाडीच्या उघड्या दाराला धरलं, तर ते हलायला लागलं. ते त्यांना दिसलं. चहाचा कप मांडीवर ठेवून त्यांनी आतून दोन्ही हातांनी दार गच्च धरून ठेवलं.